हप्ता झेपतो, आत शिरणं अवघड: लीड्सच्या ‘लिलॅक’ वसाहतीचं परीक्षण

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात, ब्रॅम्ली भागात एका जुन्या शाळेच्या जागेवर ‘लिलॅक’ ही २० घरांची को-हाउसिंग वसाहत, म्हणजे प्रत्येक कुटुंबाचं वेगळं घर, पण बैठका, कामं आणि एकत्र जेवणाचं सामायिक घर सगळ्यांचं मिळून अशी वसाहत, २०१३ पासून नांदते आहे. परवडणारं को-हाउसिंग कसं असावं असं कुणी विचारलं, तर आधी हिचं हप्त्याचं गणित दाखवावं. इतकं विचारपूर्वक बसवलेलं गणित क्वचितच दिसतं.

इथे घर कुणाच्या नावावर होत नाही. जमीन, घरं आणि कर्ज, सगळं सभासदांच्या संस्थेच्या नावावर आहे. प्रत्येक कुटुंब हातात पडणाऱ्या उत्पन्नाच्या ३५ टक्के रक्कम संस्थेकडे भरतं. म्हणजे वर्षाला २४,००० पौंड हाती येत असतील तर महिन्याला ७०० पौंड, आणि ३६,००० येत असतील तर १,०५०. देखभालीचा वाटा वजा जाऊन उरलेल्या पैशांचे संस्थेतले भाग (शेअर) सभासदाच्या खात्यात जमा होतात. जास्त भरणाऱ्याचे भाग लवकर साठतात, त्यामुळे त्याचे पैसे वाया जात नाहीत. पगार घटला की हप्ताही घटतो. बँकेच्या साध्या गृहकर्जात ही सोय नसते.

सोडून जाताना भागांची किंमत देशातल्या सरासरी वेतनवाढीनुसार ठरते, घरांच्या बाजारभावानुसार नाही. नव्या कुटुंबाला घर परवडतं ते याच कलमामुळे. त्याची दुसरी बाजूही ठळकपणे सांगायला हवी. आसपासच्या घरांचे भाव वेतनापेक्षा वेगाने चढले, तर बाहेर पडणाऱ्याला मिळालेल्या पैशांत तेवढंच घर घेता येत नाही. सभासद होण्याआधीच हा हिशेब कागदावर मांडून दाखवला पाहिजे, नाहीतर पुढे मनं कडू होतात.

आता अडसर. सुरुवातीला घराच्या किमतीच्या १० टक्के रक्कम भरावी लागते, शिवाय घराच्या आकारानुसार किमान उत्पन्नाची अट आहे. ही अट उगीच नाही. वीसही घरांच्या ३५ टक्क्यांची बेरीज कर्जाच्या हप्त्याला आणि देखभालीला पुरलीच पाहिजे. सगळेच कमी कमावणारे आले तर कर्ज थकेल. पण परिणाम असा होतो की ज्यांना अशा शेजाराची सर्वांत जास्त गरज आहे, ते दाराशीच थांबतात.

यावर उपाय आहेत आणि ते इतरत्र करून झालेले आहेत. उत्तर लंडनमधल्या ‘न्यू ग्राउंड’ या ज्येष्ठ स्त्रियांच्या वसाहतीत २५ पैकी ८ सदनिका सामाजिक भाड्याने, म्हणजे बाजारापेक्षा कमी भाड्याने, दिल्या जातात आणि त्या भाड्याची घरं चालवणाऱ्या एका ना-नफा गृहनिर्माण संस्थेकडे आहेत. त्यामुळे भाडेकरूला एकरकमी भांडवल उभं करावं लागत नाही. बार्सिलोनातल्या ‘ला बोर्दा’ने जमीन विकतच घेतली नाही, महापालिकेची जागा ७५ वर्षांच्या कराराने घेऊन २८ घरं बांधली. जमिनीची किंमत वगळली की सुरुवातीचं ओझं बरंच उतरतं. नव्या गटाने निदान काही घरं भाड्याची ठेवावीत, १० टक्क्यांचे हप्ते पाडून द्यावेत आणि एकाच वेळी दोन-तीन कुटुंबं निघाली तर त्यांचे भाग परत करण्यापुरता राखीव निधी पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकावा. हा निधी नसेल तर पैसे अडकतात आणि जाणारा व राहणारे यांच्यात भांडणं लागतात.

लिलॅकच्या भिंती लाकडी चौकटीत पेंढ्याच्या गासड्या भरून केल्या आहेत. त्यांमुळे उष्णता टिकते आणि घर गरम ठेवण्याचा खर्च उतरतो. परवडण्याचा हा भाग हप्त्याच्या आकड्यात दिसत नाही. एक सांभाळायचं: पेंढ्यातला ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांवर राहिला तर तो कुजतो. म्हणून खिडकीखालची पावसाचं पाणी बाहेर टाकणारी पट्टी आणि चुन्याच्या गिलाव्याच्या भेगा दरवर्षी तपासायला हव्यात.

को-हाउसिंगमध्ये माणसं पैशाइतकीच वेळेमुळेही गळतात. सर्वसहमतीच्या लांबलेल्या बैठकांना पाळीने काम करणारे आणि तान्ही मुलं असलेले येऊ शकत नाहीत, मग निर्णय मोकळा वेळ असलेल्यांचेच होतात. विषयपत्रिका आठवडाभर आधी द्यावी, बैठकीच्या वेळी मुलं सांभाळण्याची पाळी लावावी आणि दोन फेऱ्यांत एकमत झालं नाही तर तीन चतुर्थांश मतांनी निकाल लावावा. श्रमदान चुकलं म्हणून दंड घेणं तर पूर्ण टाळावं, कारण तो आजारी आणि गरीब सभासदांनाच बसतो. त्याऐवजी हिशेब लिहिणं किंवा फोन करणं अशी बसून करायची कामंही यादीत धरावीत.

सामायिक घराचं दार निदान ८५० मिलिमीटर मोकळं आणि आत चाकाची खुर्ची वळवायला १,५०० मिलिमीटरची जागा, हे नकाशातच लिहून घ्यावं. नंतर भिंत फोडून हेच करायला खर्च कितीतरी वाढतो, आणि तोवर खुर्चीवरच्या माणसाला एकत्र जेवणाला येता येत नाही.