आरव्ही-10च्या दाराला मॅकमास्टरचं बल्ब सील: पैसे वसूल, पण काठ नीट घासलात तरच

व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-10 हे चार आसनी किट-विमान बांधताना सगळ्यात जास्त डोकं खातात ती त्याची दारं. वर उघडणारी, फायबरग्लासची, आणि आतलं-बाहेरचं कवच आपणच एकमेकांना चिकटवून तयार केलेली. त्यामुळे दोन विमानांत दाराची फट सारखी निघेल तर शपथ. अशा दाराला किटमधल्या सीलऐवजी बरेच बिल्डर मॅकमास्टर-कार या सुटे भाग विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचं 1120ए411 नंबरचं सील बसवतात. काठावर दाबून बसणारी पकड आणि तिला जोडलेला मऊ पोकळ बल्ब, अशी त्याची रचना. आमचं मत आधीच सांगून टाकतो: सील उत्तम आहे, पण वाकड्या दाराला ते सरळ करणार नाही.

चिकटपट्टीवाल्या फोमपेक्षा हे का बरं, ते आधी. फोमची सगळी भिस्त गोंदावर. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये गोंद ढिला पडतो आणि पट्टी नेमकी वरच्या कोपऱ्यात सुटते. त्यातही फोम उघड्या पेशींचा असेल तर पाणी पिऊन बसतो. पकडीचं सील गोंदावाचून टिकतं आणि खराब झालं तर हाताने ओढून काढता येतं. सिलिकॉनचे बल्ब थंडीत जास्त मऊ राहतात, पण बूट घासला की फाटतात. असली पकडीची सीलं बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात. ऊन-पावसाला ती दाद देत नाहीत, मात्र पेट्रोल आणि तेलाशी त्यांचं वाकडं आहे. त्यामुळे व्हॅसलीन लावायचं नाही, तेही पेट्रोलियमचंच. दार चिकटत असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे. दुसऱ्या नंबरचं सील मागवणार असाल तर पकडीत बसणारी जाडी, पकडीची खोली आणि बल्बचा व्यास ही तीन मापं बघा. बल्ब पकडीच्या डोक्यावर आहे की बाजूला, हेही चित्रात तपासा. इथे गफलत झाली तर सगळा माल परत करावा लागतो.

आता खरं काम, म्हणजे केबिनच्या दारचौकटीचा काठ. फायबरग्लासचे थर कुठे एकावर एक चढलेले, कुठे नाहीत, म्हणून जाडी जागोजागी बदलते. जाड जागी पकड फाकते आणि सील तिरकं बसतं, पातळ जागी ते हलतं. व्हर्नियरने दर 10 सेंटीमीटरला जाडी मोजा, जास्त असेल तिथे घासा, कमी असेल तिथे इपॉक्सीत फ्लॉक्स, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, कालवून भर द्या. नुसत्या मायक्रोची, म्हणजे काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांची, भर काठावर टिकत नाही, पकडीच्या दाबाने तिचे टवके उडतात.

मग फट. काठावर प्लॅस्टिसिनच्या गोळ्या ठेवा, वर स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची फिल्म टाका, दार लॅचसकट पूर्ण लावा, उघडा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. बल्ब एक तृतीयांश ते निम्मा दबला पाहिजे. म्हणजे 10 मिमीचा बल्ब असेल तर 5 ते 7 मिमी फट हवी. फट कमी असेल तिथे काठ उतरवा: मास्किंग टेपने रेघ आखा, कटिंग व्हीलने रेघेच्या 1 मिमी अलीकडे कापा, उरलेलं लाकडी ठोकळ्यावरच्या पॉलिश पेपरने. तोंडाला चांगला मास्क लावा, ही धूळ भलती वाईट. रंगाचे थरही फट खातात, म्हणून शेवटचं माप आणि सील दोन्ही रंगानंतरच. सिलिकॉनची ट्यूब तर रंगाआधी त्या खोलीतही आणू नये. पृष्ठभागाला सिलिकॉनचा हात लागला की रंगात डोळ्यांसारखे गोल खळगे पडलेच.

बसवण्याआधी सीलचं वेटोळं सोडून एक-दोन दिवस सपाट पडू द्या. सुरुवात खाली, मागच्या बाजूला, जिथे चढता-उतरता पाय पडत नाही. रबरी हातोडीने ठोकत जा, पण ताणू नका. ताणून बसवलेलं रबर हळूहळू आखडतं आणि जोडाशी फट पडते. उलट कोपऱ्यात थोडं जास्तच ढकला, नाहीतर बल्ब तिथे चपटा होतो आणि वारा तिथूनच घुसतो. शेवट 5 मिमी लांब कापा, कात्रीऐवजी नव्या ब्लेडने. पकडीतली धातूची पट्टी साइड कटरने. टोकं एकमेकांत दाबून वेदरस्ट्रिप अ‍ॅडहेसिव्हने जोडा. जोडल्यावर बल्बमधली हवा कोंडते, म्हणून आधीची बारीक भोकं बुजवू नका. भोकं नसतील तर केबिनच्या बाजूने पाडा. बाहेरून पाडलीत तर बल्बात पाणी साचेल.

यातली सगळ्यात गंभीर चूक म्हणजे गरजेपेक्षा जाड किंवा कडक बल्ब. तो दाराला बाहेर रेटतो, आणि पुढच्या-मागच्या लॅच पिना आपापल्या जागी पूर्ण शिरत नाहीत. आरव्ही-10ची दारं हवेत उघडून तुटून गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, त्यामुळे आवाज कमी होतो म्हणून यात तडजोड नको. दार एका हाताने, खांदा न लावता बंद झालं पाहिजे. मागची पिन दार बंद झाल्याचं दाखवणाऱ्या दिव्याच्या भरवशावर न सोडता डोळ्यांनी बघा. प्लेनअराउंड कंपनीचं, दाराला मध्यावर पकडणारं कॅम लॅच आम्ही सीलइतकंच महत्त्वाचं मानतो, कारण दार मध्येच फुगतं. हिशोब बघा: 8000 फुटांवर ताशी 320 किमी वेगाला वाऱ्याचा गतिज दाब चौरस मीटरला जवळपास 390 किलो भरतो. छताच्या वक्र भागावर त्याच्या निम्मी ओढ धरली तरी दारावर बाहेरच्या बाजूला चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जोर येतो. हँगरमध्ये घट्ट वाटणारी वरची कड हवेत म्हणूनच शिट्टी वाजवते. तिथे बल्ब निम्म्यापर्यंत दबलेला ठेवा, खाली एक तृतीयांश चालेल.

तपासणीला कागदाची पट्टी पुरते. दार लावून ती ओढा, सगळीकडे सारखीच अडली पाहिजे. त्यानंतर हवा यायच्या वाटा टेपने बंद करून लीफ ब्लोअरने केबिनमध्ये हवा भरा आणि बाहेरून साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात. उदबत्ती फिरवायचा मोह टाळा, टाकीत पेट्रोल असतं. खालची कड दोनदा तपासा: उडताना केबिनमध्ये दाब कमी असेल तर एक्झॉस्टचा धूर तिथूनच आत ओढला जातो. सील कितीही चांगलं असलं तरी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर डॅशबोर्डवर असलाच पाहिजे.

ज्यांची फट एका जागी 3 मिमी आणि दुसरीकडे 12 मिमी आहे, त्यांनी हे सील घेऊ नये. आधी दार सुधारा, किंवा हवा भरून फुगणाऱ्या सीलकडे जा. त्याला पंप, नळी आणि उघडण्याआधी हवा सोडायची आठवण लागते. बाकीच्यांनी दोरीने चौकटीचा घेर मोजून दर दाराला 30 सेंटीमीटर जास्त मागवावं. दाबलेलं रबर कालांतराने चपटंच राहतं, म्हणून वार्षिक तपासणीत तीच कागदाची पट्टी पुन्हा ओढून बघा, आणि जी बाजू सैल लागेल तिथला तुकडा न जोडता पूर्ण सील बदला.