खर्च लिहून ठेवायचा की घरखर्चाचं खातंच वेगळं करायचं?

घरखर्च आवाक्यात ठेवायचे सध्या दोन मार्ग दिसतात. एक, प्रत्येक खर्च वहीत, एक्सेलमध्ये किंवा ॲपवर लिहायचा आणि महिनाअखेर बेरीज मारायची. दुसरा, पगाराच्या खात्यातून दर आठवड्याला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि रोजचं सगळं तिथूनच भागवायचं. पाकिटांत नोटा मोजून ठेवायची जुनी रीत चांगलीच होती, पण कोथिंबीरवालाही क्यूआर पुढे करतो तिथे ती चालवणं अवघड.

लिहिण्याच्या पद्धतीत खरे आकडे कळतात. मनातला किराणा आणि प्रत्यक्षातला किराणा यांत बरंच अंतर असतं, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने तरी लिहावंच. कमाई दरमहा सारखी नसेल, किंवा आईवडिलांच्या औषधांचा खर्च भावंडांत वाटून घ्यायचा असेल, तर नोंदीला पर्याय नाही.

मात्र यूपीआय आल्यापासून नोंद ठेवणं फार कटकटीचं झालंय. छोट्या दुकानात पैसे बहुधा मालकाच्या नावावर जातात. स्टेटमेंटमध्ये ४०, ६५, २० रुपयांची रांग आणि पुढे अनोळखी नावं. हा जांभळी नाक्यावरचा भाजीवाला, स्टेशनची शेअर रिक्षा की चहाची टपरी, हे रविवारी आठवायला बसलं तर आठवत नाही. एसएमएस वाचून आपोआप नोंद करणारं ॲप घेतलं तरी यूपीआय लाइटचे (छोट्या रकमांसाठी ॲपमध्येच भरून ठेवायच्या वॉलेटचे) सुटे खर्च त्याच्या हाती लागत नाहीत, कारण बँकेत फक्त वॉलेट भरल्याची ओळ उमटते. त्यात सुपरमार्केटच्या एकाच बिलात तूरडाळ, टॉवेल आणि मुलाची कंपासपेटी. हळूहळू ‘इतर’ हाच सगळ्यात मोठा रकाना होतो, आणि मग त्या नोंदीवरून कुठे हात आखडायचा ते ठरत नाही. इतरांचं वेगळं असेल, माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

वेगळ्या खात्यात हा हिशेबच टळतो. चहा होता की कोथिंबीर याला महत्त्व नाही. आज गुरुवार आणि शिल्लक १,१०० रुपये, एवढं दिसलं की पुरे.

ते बसवताना दोन चुका हमखास होतात. पहिली भागाकाराची. महिन्याच्या घरखर्चाचे २४,००० भागिले ४ करून आठवड्याला ६,००० ठरवतात आणि पाच सोमवारांच्या महिन्यात गाडं अडतं. वर्षाचे २,८८,००० धरून ५२ ने भागा. आठवड्याला साधारण ५,५०० येतात. दुसरी चूक फोनमध्ये. पगाराचं खातंही त्याच यूपीआय ॲपला जोडलेलं राहतं आणि शिल्लक संपली की बोट तिकडे वळतं. ते ॲपमधून काढूनच टाका. दर सोमवारच्या रकमेसाठी नेटबँकिंगमधून स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे रक्कम आपोआप वळवायची सूचना, लावली की पुरतं. हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज आणि गॅसची बिलं पगाराच्या खात्यातूनच जाऊ द्यावीत. नव्या खात्याची किमान शिल्लक किती, तेवढं आधी विचारून घ्या.

वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च दोन्ही पद्धतींना सारखेच नडतात. मालमत्ता कर ९,०००, विम्याचे हप्ते २४,०००, शाळेचं साहित्य १५,०००, गणपती-दिवाळी ३०,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग १२,००० असे धरले तर ९०,००० होतात, म्हणजे महिन्याला ७,५००. एवढ्याचं आवर्ती ठेव खातं पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापलं जाईल असं लावावं. उन्हाळ्यासाठी थोडी रक्कम जास्तच धरा: एसीमुळे ३०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांना महावितरणचा दर चढा लागतो, आणि वाशीच्या मार्केटातून गहू-मिरचीची बेगमीही त्याच सुमारास असते.

पन्नास-तीस-वीसचं सूत्र (पगाराचे पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला, वीस बचतीला) मी बाजूलाच ठेवतो. घोडबंदर रोडला किंवा खारघरला कर्जाचा हप्ताच पगाराच्या ४० टक्क्यांवर गेला, तर उरलेल्या दहा टक्क्यांत वीज, शाळा आणि किराणा बसवणार कसा? हप्ता आणि ठरलेली बिलं वजा करून उरलेल्या रकमेचे आठवडे पाडलेले बरे.

सगळी खरेदी क्रेडिट कार्डावर होत असेल तर मात्र वेगळ्या खात्याचा फारसा उपयोग नाही. खर्च या महिन्यात आणि पैसे पुढच्या महिन्यात जातात, त्यामुळे शिल्लक फसवी दिसते. अशा घराने लिहिलेलंच बरं. दोघं कमावते असतील आणि हे खातं संयुक्त उघडायचं असेल, तर अर्जावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ हा पर्याय निवडा. दोघांच्या सह्या बंधनकारक असलेल्या खात्यावर यूपीआय मिळत नाही.