चार्ल्सटनच्या खाडीकाठी दहा महिने: निसर्ग आणि संस्कृतीच्या सहलींचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात लेकीच्या शाळेतून एक पत्रक घरी आलं. महिन्यातून एका शनिवारी सहल, कधी खाऱ्या दलदलीत, कधी बेटावर, कधी जुन्या भातशेतीत, कधी गला नावाच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वस्तीत. सोबत जाणकार वाटाड्या आणि लहान गट. आम्ही अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात, चार्ल्सटन शहराजवळ राहतो. इथे येऊन सहा वर्षं झाली, पण समुद्रकिनारा आणि मॉल याच्या पलीकडे आम्ही फारसं काही पाहिलं नव्हतं. वर्षाची वर्गणी भरली. ऑक्टोबर ते जुलै अशा दहांपैकी नऊ सहली केल्या, त्यातल्या शेवटच्या पाच माझ्या वडिलांसोबत. इकडे येऊ घातलेल्या किंवा इथे राहणाऱ्या मराठी घरांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते. संस्थेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे. शिवाय अशा सहली काढणाऱ्या संस्था या किनाऱ्यावर बऱ्याच आहेत.

मी मूळची आचऱ्याची, मालवण तालुक्यातली. खाडी, भरती-ओहोटी, चिखल यात मला नवं काय दाखवणार, असं पहिल्या दिवशी मनात होतं. तासाभरात ते गेलं. आपल्याकडे खाडी म्हटली की कांदळवन आलंच. इथे थंडीत पाणी गोठायला लावणारे दिवस येतात, ते कांदळाला सोसत नाहीत, म्हणून तिवराच्या जागी मैलोन्‌मैल गवत आहे. स्पार्टिना त्याचं नाव. भरती-ओहोटीत पाच-साडेपाच फुटांचा फरक पडतो आणि गवत दिवसातून दोनदा त्यात बुडतं. खालच्या चिखलाला इथले लोक प्लफ मड म्हणतात. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायूशिवाय सडणाऱ्या गवतातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, त्याचा तो वास. चार्ल्सटनची माणसं बाहेरगावाहून परतताना हा वास आला की घर आलं म्हणतात. मला आमच्या साकवाखालचा ओहोटीचा वास आठवला आणि घशात आवंढा आला.

आमच्या वाटाड्या म्हणजे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांनी प्रत्येकाला सुतळीची फूटभर चौकट दिली, ती चिखलावर टाकायला सांगितली आणि पंधरा मिनिटं गप्प बसून तेवढंच बघा म्हणाल्या. लेक कुरकुरली. मग तिला गवताच्या पात्यावर वर सरकणारी गोगलगाय दिसली, नखाएवढी. भरती आली की खालून खेकडे येतात, म्हणून ती वर चढते. पण वर बसून ती नुसती जीव वाचवत नाही. पातं खरवडते, त्या जखमेत बुरशी वाढते आणि मग ती बुरशी खाते. बाईंनी भिंगातून पात्यावरचे पांढुरके ओरखडे दाखवले तेव्हा लेक म्हणाली, "आई, हिची तर शेतीच आहे!" घरी येईपर्यंत गाडीत तोच विषय.

नोव्हेंबरात बुल्स आयलंडला गेलो. केप रोमेन हे १९३२ साली स्थापन झालेलं अभयारण्य, त्यातलं हे बेट. बोटीशिवाय जाता येत नाही. समुद्राने गिळलेल्या किनाऱ्यावर वठलेली पांढरी झाडं आडवी-उभी पडली आहेत, फोटो सुंदर येतात. पण बेट मोठं, चालणं फार आणि समजावणं कमी. लहान मुलांना नेऊ नका. डिसेंबरची सहल आदल्या रात्री दहा वाजता ईमेल पाठवून रद्द केली. वाऱ्यामुळे बोट निघणार नव्हती हे खरं, पण वाऱ्याचा अंदाज दुपारीच आला होता. आम्ही डबे करून ठेवले होते. पैसे परत दिले नाहीत, फक्त पुढच्या वर्षाची एक सहल जमा धरली. हे मला पटलेलं नाही.

जानेवारीत कालवं. आपल्याकडे खडकाला चिकटलेली कालवं फोडून काढतात. इथे ती चिखलात एकमेकांच्या अंगावर उभी वाढतात, सुऱ्यांचा गठ्ठा उभा करावा तशी. एक पूर्ण वाढलेलं कालव दिवसाला ५० गॅलनपर्यंत, म्हणजे १९० लिटरच्या आसपास पाणी गाळू शकतं. कालवांच्या पिल्लांना चिकटून बसायला जुनी शिंपलीच सगळ्यात आवडती, आणि माणसं खाऊन शिंपल्या कचऱ्यात टाकत आली. म्हणून आता राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं उपाहारगृहांतून शिंपल्या गोळा करतं, त्या जाळीच्या पिशव्यांत भरून काठावर रचतात. आम्ही सकाळभर पिशव्या भरल्या. दोन महिन्यांनी लेकीने हट्टाने ती जागा पुन्हा दाखवायला लावली.

फेब्रुवारीतल्या सहलीसाठीच एवढी वर्गणी भरली असती तरी चालली असती, असं मला आज वाटतं. स्वीटग्रास नावाच्या गवताच्या टोपल्यांची शिकवणी. माउंट प्लेझंटमधून जाणाऱ्या हायवे १७ च्या कडेला लाकडी टपऱ्यांवर या टोपल्या टांगलेल्या दिसतात. आम्ही शेकडो वेळा पुढून गेलो असू, एकदाही थांबलो नव्हतो. शिकवणाऱ्या बाई गला समाजाच्या. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे हे वंशज. समुद्रबेटांवर मुख्य भूमीपासून तुटून राहिल्याने त्यांची भाषा, स्वयंपाक, कला टिकली. २००६ साली अमेरिकेच्या संसदेने उत्तर कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतची ही पट्टी गला गीची वारसा पट्टा म्हणून जाहीर केली.

टोपली विणायचं अवजार एकच. चमच्याची वाटी कापून टाकायची आणि दांडा घासून चपटा करायचा. त्याला त्या बोन म्हणतात, कारण पूर्वी ते हाडाचं असे. स्वीटग्रासच्या काड्यांची जुडी धरायची, बोनने आधीच्या वेढ्यात भोक पाडायचं, त्यातून पामेटो झाडाच्या पानाची पट्टी ओढून घट्ट आवळायची, पुन्हा भोक. मध्ये तपकिरी रंग हवा असेल तर पाइन झाडाची सुईसारखी लांब पानं. दोन तासांत माझी पुरीएवढी चकती झाली, तीही एका बाजूला कललेली. बाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि हसून म्हणाल्या, "घट्ट ओढ, नाहीतर भात सांडेल." टपरीवरच्या टोपलीची किंमत ऐकून पूर्वी माझे डोळे मोठे व्हायचे. आता ते होत नाही. घ्यायची असेल तर विणणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका. गवत मिळणंही अवघड झालं आहे. ते ज्या वाळूच्या टेकड्यांमागे उगवतं तिथे बंगले आणि गोल्फची मैदानं झाली, कुंपणं पडली.

जमिनीचं त्यांनी सांगितलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. गुलामी संपल्यावर या कुटुंबांनी पैपै जमवून जमिनी घेतल्या. मृत्युपत्रं केली नाहीत, कोर्टकचेरीवर विश्वास नव्हता. पिढ्या वाढल्या आणि एकेका तुकड्याला अनेक वारस झाले. त्यांतल्या दूर गेलेल्या एकाचा हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घ्यायचा आणि कोर्टातून सगळ्या जमिनीचा लिलाव मागायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. कोकणातल्या ज्या घराच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं आहेत, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मार्च महिन्यात बाबा आचऱ्याहून आले आणि त्यांची पहिलीच सहल सगळ्यात वाईट निघाली. एका जुन्या मळ्यात नेलं. बागा, कमेलियाची फुलं, तळ्यातल्या मगरी, मोठं घर. तिथला वाटाड्या दीड तास बोलला. घरातल्या खुर्च्या कुठून आल्या तेही सांगितलं. तो मळा ज्यांच्या अंगमेहनतीवर उभा राहिला त्या गुलाम माणसांसाठी एकच वाक्य होतं, तेही बसकडे परत जाताना. बाबांनी मला विचारलं, "एवढा चिखल काढलो कोणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी संस्थेला लांबलचक पत्र लिहिलं. सभ्य उत्तर आलं. सहल आहे तशीच चालू आहे, असं गेल्या महिन्यात जाऊन आलेल्या मैत्रिणीने सांगितलं. ही सहल घेऊ नका.

एप्रिलच्या सहलीत बाबांना उत्तर मिळालं. अ‍ॅशपू, कॉम्बाही आणि एडिस्टो या तीन नद्यांच्या मुखाशी जे विस्तीर्ण पाणथळ आहे त्याला, या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (ACE), एस बेसिन म्हणतात. तिथे जुन्या भातशेतीचे बांध अजून उभे आहेत. नेणारे गृहस्थ स्वतः गला, त्यांचे पणजोबा याच शेतांत राबलेले. बांधात एक लांबट लाकडी पेटी बसवलेली, दोन्ही तोंडांना झडपा. इथे तिला ट्रंक म्हणतात, कारण सुरुवातीला पोकळ केलेलं सायप्रसचं खोडच वापरत. बाबा बांधावर उकिडवे बसले, झडपेवर हात फिरवला आणि म्हणाले, "अगो, ही तर आपली उघाडी."

उघाडीच, पण काम उलटं. आपल्याकडे खारभूमीत उघाडी खारं पाणी बाहेर ठेवते आणि पावसाचं पाणी ओहोटीला सोडून देते. गोव्यात खाजणांना मानस असतो, तोही त्यासाठीच. इथे नदीचं गोडं पाणी भरतीच्या रेट्याने वर चढतं. ते भरतीला आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. भरतीला बाहेरची झडप उचलून ठेवली की आत शिरणारं पाणी आतली झडप ढकलून उघडतं. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्याच दाबाने आतली झडप मिटते. शेत कोरडं करायचं तर उलट. वेळ हुकली आणि खारं पाणी आत आलं तर पीक गेलं. म्हणून भरतीची वेळ, चंद्र, वारा, पाण्याची चव या सगळ्याची जाण असलेला माणूस ट्रंकवर नेमलेला असे. त्याला ट्रंक माइंडर म्हणत. तोही गुलामच.

बाबांनी विचारलं, "हेची फळी कुजली की कोण बदलता?" मी भाषांतर केलं. गृहस्थ थांबले. म्हणाले, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मग त्यांनी आम्हाला बांधाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन नवी बसवलेली ट्रंक दाखवली. हल्ली ही शेतं पाणपक्ष्यांसाठी भरून ठेवतात, आणि ट्रंक बनवणारे मोजके सुतार अजून आहेत. दोघं म्हातारे पाऊण तास फळ्या, खुंट्या आणि खेकड्यांनी पोखरलेले बांध यावर बोलत होते. मी फक्त मध्ये उभी. गट पुढे निघून गेला याचं कोणाला भान नव्हतं.

परतताना कॉम्बाहीच्या पुलावर गाडी थांबवली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६३ च्या जूनमध्ये, स्वतः गुलामीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांनी उत्तरेच्या सैन्याच्या बोटी याच नदीतून वर नेल्या आणि एका रात्रीत सातशेहून जास्त गुलाम माणसं सोडवली. ती माणसं या भातशेतांतून धावत काठावर आली होती. सकाळी जे बांध पाहिले त्यांच्यावरूनच. त्या गृहस्थांनी गाडीतून एक पसरट टोपली काढली. भात कांडल्यावर पाखडायची, फॅनर. "ह्यां तर आमचां सूप!" म्हणत बाबांनी ती घेतली आणि रिकामीच दोनदा पाखडून दाखवली. मनगटाची तीच लकब.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींसाठी. हॉपिन जॉन म्हणजे आपला चवळीभात, नववर्षाला आवर्जून करतात. पण त्यात आणि रेड राइसमध्ये, म्हणजे टोमॅटोच्या भातात, बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, आधी विचारा. भेंडी सगळीकडे. रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा मिळतात, गरम घ्या. तिळाला इथे बेने म्हणतात, हा शब्दही पश्चिम आफ्रिकेतूनच आला. त्याची पातळ कुरकुरीत बिस्किटं बाबांनी तिळाच्या वड्यांसारखी डब्यात भरून ठेवली होती.

मे महिन्यात सलिव्हन्स आयलंड. उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सुमारे ४० टक्के माणसं चार्ल्सटन बंदरातून आली, असा अंदाज आहे. त्यांतल्या अनेकांना आधी या बेटावर विलगीकरणात ठेवत. २००८ पासून तिथे त्यांच्या आठवणीसाठी पाण्याकडे तोंड करून एक साधा काळा बाक आहे. आमच्या वाटाड्या काहीही बोलल्या नाहीत, फक्त बसायला सांगितलं. ते योग्य केलं.

जूनमध्ये चिलटं आणि उकाडा यांनी हैराण केलं. पायात सँडल घालू नका, कालवांनी पाय फाटतात, जुने नाडीचे बूट घाला. जुलैची सहल मात्र चुकवू नका. लॉगरहेड कासवं इथे मे महिन्यापासून अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडून गेली की तीन दिवसांनी परवानाधारक स्वयंसेवक घरटं उकरून टरफलं मोजतात, आणि ते लांब उभं राहून बघता येतं. बाबांना कोकणातलं कासवांचं वेळास गाव माहीत होतं. पण तिथली कासवं वेगळी, ऑलिव्ह रिडले, आणि पिल्लं बाहेर पडायचा हंगाम हिवाळ्यानंतरचा. हातमोजे घातलेली एक मुलगी कोपरापर्यंत वाळूत हात घालून भिजल्या कागदासारखी टरफलं दहा-दहाच्या ओळीत मांडत होती. लेक मनात मोजत होती. शंभराच्या पुढे गेल्यावर तळातून एक जिवंत पिल्लू निघालं, वाळूत अडकलेलं. ते पाण्यापासून दूरवर ठेवलं, कारण किनारा त्याने स्वतः चालून जायला हवा. वीसेक मिनिटं लागली. दोनदा लाटेने परत आणून टाकलं. बाबा कमरेवर हात ठेवून "चल रे, चल" म्हणत राहिले.

पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे. डिसेंबरची जमा धरलेली सहल मी एस बेसिनसाठी मागून घेतली. बाबा मागच्या आठवड्यात परत गेले, आणि जाताना माझी ती कललेली चकती आईला दाखवायला म्हणून शर्टाच्या खिशात घालून घेऊन गेले.