क्वार्टरबॅकचा नेम सुधारायचा तर कुठून सुरुवात करावी : खासगी कोच, सेव्हन-ऑन-सेव्हन की फिल्म?

पोरगा नववी-दहावीत आहे. हायस्कूलच्या जेव्ही (मुख्य संघाच्या खालच्या) संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो, क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे पास फेकणारा. हातात दम आहे, लांबवर फेकतो. पण दहा यार्डांचा साधा पास कधी रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून जातो, कधी त्याच्या पाठीमागे पडतो. टेक्सास असो की न्यू जर्सी, अशा पोराच्या आईबापांपुढे तीन वाटा असतात : तासाचे पैसे घेणारा खासगी क्वार्टरबॅक कोच, उन्हाळ्यातलं सेव्हन-ऑन-सेव्हन (सात विरुद्ध सात, फक्त पासांचा खेळ), नाहीतर संघाच्याच कोचबरोबर बसून फिल्म (सामन्यांचं चित्रण) आणि प्लेबुक (संघाच्या चालींची वही). अभ्यास, एसएटी, कधी जोडीला बेसबॉल, हे सगळं सांभाळून तिन्ही नीट होत नाहीत. मग आधी कुठली?

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. नेम सुधारतो, पण सगळ्यांचा सारख्या उपायाने नाही. चूक पायात आहे, हातात आहे की डोळ्यांत, हे कळल्याशिवाय यातल्या एकाही वाटेला लागू नये.

एकाचा सुधारला, दुसऱ्याचा नाही

नेम उपजत असतो, शिकवून येत नाही, असं एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जुने लोक छातीठोकपणे सांगत. त्यांचं तोंड बंद केलं जॉश अ‍ॅलनने. वायोमिंग विद्यापीठात त्याचे जेमतेम 56 टक्के पास पूर्ण व्हायचे. 2018 मध्ये बफेलो बिल्सने त्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सातव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला. पहिल्या सीझनला 52.8 टक्के, दुसऱ्याला 58.8 आणि तिसऱ्याला, 2020 मध्ये, थेट 69.2.

आता त्याच्या शेजारी अँथनी रिचर्डसनला ठेवा. शरीरयष्टी तशीच, सहा फूट चार इंच, हातात तोफ. फ्लोरिडा विद्यापीठाकडून 2022 मध्ये 53.8 टक्के. इंडियानापोलिस कोल्ट्सने 2023 मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतला, आणि घेताना ‘दुसरा अ‍ॅलन’ हीच आशा बोलली जात होती. पहिल्या वर्षी चार सामन्यांनंतर खांद्याची शस्त्रक्रिया झाली. 2024 मध्ये टक्केवारी 47.7. 2025 चा सीझन सुरू होताना त्याची जागा डॅनियल जोन्सकडे गेली.

फरक कुठे पडला? अ‍ॅलन कॉलेजात दोन सीझन खेळून आला होता. रिचर्डसनने सुरुवातीपासून खेळलेले सामने अवघे तेरा. बफेलोत अ‍ॅलनला सलग चार वर्षं ब्रायन डेबोल हाच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाच्या चाली आखणारा कोच) मिळाला, म्हणजे दरवर्षी नवी भाषा शिकावी लागली नाही. सीझन नसताना तो जॉर्डन पामरसारख्या खासगी कोचकडे पाय आणि कमरेवर काम करत राहिला. आणि 2020 मध्ये स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आला, ज्याने त्या वर्षी 127 झेल घेऊन लीगमध्ये पहिला क्रमांक लावला. म्हणजे तोच कोऑर्डिनेटर, खासगी कोच आणि चांगला रिसीव्हर, हे तिघेही अ‍ॅलनला एकाच वेळी मिळाले. कोण किती कामी आलं याचा हिशेब कुणीच लावू शकत नाही, त्यामुळे ‘अ‍ॅलनला मीच घडवला’ असं सुचवणाऱ्या कुठल्याही जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. शिवाय 2021 आणि 2022 मध्ये तो 63.3 वर आला. 69 हे चांगलं वर्ष होतं.

टक्केवारीबद्दलही एक सांगायला हवं. स्लिपमध्ये झेल सुटला तर आपण गोलंदाजाला दोष देत नाही, पण इथे रिसीव्हरच्या हातून सुटलेला चेंडू क्वार्टरबॅकच्या खात्यात चुकलेला पास म्हणूनच लागतो. उलट, चाल जिथून सुरू होते त्या लाइनच्या मागेच दिलेला दोन हातांवरचा पास टक्केवारी फुगवतो. टेरी ब्रॅडशॉने 51.9 टक्क्यांच्या कारकिर्दीत चार सुपर बोल जिंकले. आज लीगची सरासरीच 65 च्या आसपास असते. तेव्हा पोराच्या टक्केवारीकडे बघण्यापेक्षा चेंडू नेमका कुठे पडतोय ते बघा.

खासगी कोच

चूक शरीरात असेल तर हीच वाट. पुढचा पाय फार लांब टाकला की चेंडू उंच जातो. पाय चुकीच्या दिशेला पडला की कंबर अडते आणि हात आडवा ओढला जातो. हे चांगल्या कोचच्या नजरेला पटकन दिसतं. ड्रू ब्रीज हा क्वार्टरबॅक सॅन दिएगोच्या संघात 2003 मध्ये 57.6 टक्क्यांवर होता, मधेच बाकावरही बसला. पुढच्या वर्षी 65.5. त्याने ज्याच्याकडे काम केलं तो टॉम हाउस मूळचा बेसबॉलचा पिचर आणि पिचिंग कोच; फेकीची ताकद जमिनीतून, पाय-कंबर-खांदा या क्रमाने येते, हे त्याचं शिकवणं. अर्थात ब्रीज कॉलेजातही नेमबाजच होता, हे विसरू नये.

उलट उदाहरण टिम टीबोचं. चेंडू कमरेपर्यंत खाली आणून मोठा वळसा घालत फेकायची त्याची सवय. 2010 च्या ड्राफ्टआधी ती मोडायचा आटापिटा झाला, तरी 2011 मध्ये डेन्व्हरकडून 46.5 टक्केच. अंगावर बचावपटू धावून आले की जुना हात परत यायचा. यावरून मी एवढंच घेतो : पाय बदलणं त्यातल्या त्यात सोपं, हाताची वळणं बदलणं महाकठीण, आणि वय वाढेल तसं अधिकच. चौदाव्या वर्षी हे टीबोच्या बाविसाव्या वर्षापेक्षा नक्कीच सोपं आहे.

पण चौदाव्या वर्षाची स्वतःची भानगड असते. हायस्कूलला पूर्ण मापाचा चेंडू येतो आणि पंजा अजून लहान असतो. स्पायरल (चेंडूची हवेतली फिरकी) डगमगतो तो कित्येकदा एवढ्याचसाठी. उंची झपाट्याने वाढत असेल तर हातापायांचा मेळ काही महिने बिघडतोच. अशा वेळी पैसे मोजण्यापेक्षा थांबणं बरं. शिवाय पोरगा बेसबॉलमध्ये पिचिंग करत असेल तर तिथे पिचांची मोजदाद होते, फुटबॉलच्या फेकी मात्र कुणी मोजत नाही. खांद्याच्या वाढत्या हाडाला हा भेद कळत नाही. खासगी कोच निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारेन : आठवड्याला किती फेकी?

सेव्हन-ऑन-सेव्हन

समोरासमोर भिडणारे लाइनमन नाहीत, अंगावर येणारं कोणी नाही, चेंडू साधारण चार सेकंदांत हातातून सुटला पाहिजे. रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू सोडायची सवय याने लागते, आणि ज्यांचा पास नेहमी पाठीमागे पडतो त्यांना नेमकी हीच हवी असते, कारण पाठीमागचा पास बहुतेकदा उशिरा सुटलेला असतो. एका दुपारी पोराला इतके पास मिळतात की जेव्हीच्या कित्येक सामन्यांत मिळणार नाहीत. तोटा उघड आहे : पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं संरक्षण) कोसळत असताना पाय शांत ठेवायला इथे कोणी शिकवत नाही. काही पोरं जूनमध्ये राजा असतात आणि सप्टेंबरमध्ये गोंधळतात.

फिल्म आणि प्लेबुक

ही वाट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. जो बरोचे एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) 2018 मध्ये 57.8 टक्के पास पूर्ण झाले आणि 2019 मध्ये 76.3. एका वर्षात हात नवा येत नाही. नवा आला होता खेळ : कोच जो ब्रेडीने एनएफएलच्या सेंट्स संघाकडून आणलेली पासिंगची पद्धत, मैदानभर पसरलेले रिसीव्हर, आणि स्नॅपआधीच (चाल सुरू व्हायच्या आधीच) सेफ्टी, म्हणजे मागचे बचावपटू, बघून उत्तर ओळखणारा बरो. जेलन हर्ट्सही फिलाडेल्फियात 52 वरून दोन वर्षांत 66.5 वर गेला, त्यात रिसीव्हर ए. जे. ब्राउनच्या येण्याचा वाटा मोठा. मात्र इथे सगळं संघाच्या कोचवर अवलंबून. कोच सामन्यात आठच पास टाकू देत असेल, तर घरी कितीही फिल्म बघितली तरी तिचा उपयोग करायला जागाच मिळत नाही.

मग ठरवायचं कसं

एखाद्या शनिवारी पोराला जाळीसमोर उभा करा, बारा-पंधरा यार्डांवरून सावकाश फेकू द्या आणि बाजूने फोनवर चित्रण करा. समोर कोणी नसतानाही चेंडू इकडेतिकडे जात असेल तर खासगी कोच, तोही पायांपासून सुरुवात करणारा. जाळीवर नेम अचूक आणि सामन्यात पास मागे पडत असेल तर सेव्हन-ऑन-सेव्हन. पास नीट जातो पण चुकीच्या माणसाकडे, किंवा दोन बचावपटूंच्या घोळक्यात, तर फिल्म. माझ्या पाहण्यात तिसऱ्या प्रकारची पोरं सर्वाधिक असतात आणि त्यांचेच आईबाप खासगी कोचवर सर्वाधिक खर्च करतात.

हाताला किंवा पायाला हात घालायचाच असेल तर जानेवारी ते मे या काळात. ऑगस्टमध्ये संघाचा सराव-कॅम्प सुरू झाला की नवी सवय रुजायला वेळ नसतो. आणि खासगी कोच जे बदलतोय ते संघाच्या कोचच्या कानावर आधी घाला, नाहीतर पोराला मंगळवारी एक सांगितलं जातं आणि बुधवारी दुसरं.