देवीचा रात्रभराचा गोंधळ घातला, गोंधळ्यांची पार्टी कशी होती ते सांगतो

पुतण्याच्या लग्नानंतर गोंधळ घालायचा होता. आमचं गाव भूम तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावर, कुलदैवत तुळजापूरची आई, त्यामुळं गोंधळ झाल्याबिगर लग्नकार्य पार पडलं असं घरात कुणी मानत नाही. पण हल्ली आमच्याकडं पण लोक अर्ध्या तासात उरकायलेत, चौक (देवीच्या पूजेची मांडणी) मांडला, चार गाणी म्हटली, आरती झाली की डीजे चालू. आम्ही मात्र पूर्ण रात्रीचा ठरवला. पार्टी शेजारच्याच गावची, नायक आणि तीन साथीदार, १५ हजार आणि शिधा वेगळा.

संबळवाला लई तयारीचा माणूस. आल्यावर चहा बाजूला ठेवून आधी दोन्ही भांड्यांचा सूर जमवत बसला, एक काडी सरळ, दुसरी टोकाला वाकलेली, आणि एकदा उभा राहून कमरेला संबळ बांधल्यावर त्या वाकड्या काडीनं जो घुमारा काढला ना, वाडीवरची माणसं न बोलावता आली.

पाच उसाखाली चौक मांडून दिवटी पेटवली आणि देवांना बोलवायला सुरुवात झाली. मला हा भाग सगळ्यात भारी वाटला. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, पंढरीचा विठोबा हे सगळे गोंधळी म्हणतातच, पण हा नायक तिथं थांबला नाही, येरमाळ्याची येडेश्वरी, सोनारीचा भैरवनाथ, मग आमच्या शिवेवरचा म्हसोबा, खिंडीतली आसरा, असा एकेक डोंगर उतरत आमच्या उंबऱ्यापर्यंत आला. संध्याकाळी चुलत्याजवळ बसून त्यानं ही नावं विचारून घेतली होती. तरी एक राहिलंच, तर आत्यानं मधीच ओरडून सांगितलं आणि त्यानं तेच चालीत घेतलं. आमच्या पोरांना यातले निम्मे देव कुठं हायेत ते माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी विचारत बसले.

मधी करपल्लवी दाखवली. पाहुण्यांपैकी एकानं नायकाच्या कानात नाव सांगितलं, नायकानं नुसती बोटं हलवली, आणि लांब उभ्या साथीदारानं ते बरोबर ओळखलं. बोटांची ही भाषा ते घरातच शिकतात.

उत्तररात्री आख्यान लागलं, राजा हरिश्चंद्राचं. काशीच्या बाजारात तारामती आणि रोहिदासाला विकायची वेळ येते तिथं नायक थांबला आणि साथीदाराला म्हणाला, "राजानं मुकादमाकडून उचल घेतली रं, आता फेडल्याबिगर सुटका नाही." आमच्या भागातली निम्मी घरं मुकादमाकडून अशीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला जातात, लेकरं सोबत नाहीतर म्हाताऱ्यांपाशी ठेवून. समोर बसलेल्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. आख्यान पुराणातलं, पण त्यात डोंगरावरचं जगणं असं येतं, आणि ते अर्ध्या तासाच्या पॅकेजमधी कधीच ऐकायला मिळणार नाही कारण तिथं आख्यानच कापतात. म्हणून सांगतो, पैसे थोडे जास्त जाऊ द्या पण पूर्ण रात्र सांगा.

आता खटकलं ते. साऊंडवाल्यानं आवाज एवढा चढवला की तुणतुणं ऐकूच येईना, शेवटी आम्हीच दोन बॉक्स बंद केले आणि मग खरी मजा आली. अंगणातल्या गोंधळाला एक माईक पुष्कळ झाला. दुसरं, पार्टीनं सोबत ऑक्टोपॅड आणला होता, पोरं नाचतात म्हणून ठेवतो म्हणाले. त्यांचा दोष नाही, मागणी तशी येते, पण आम्ही नको म्हटल्यावर नायकाचा चेहरा खुलला, हे मी बघितलंय.

नायकाचा पोरगा कॉलेजला आहे, तुणतुणं तोच धरतो. आख्यान कुठं लिहिलंय का विचारलं तर म्हणाला वहीत थोडं आहे, बाकी आण्णांच्या तोंडात. आम्ही त्यांना विचारून सगळं रेकॉर्ड केलं आणि त्याची कॉपी त्याच पोराला दिली. तुम्ही पण विचारून करा, नाही म्हणत नाहीत, फक्त चौक मांडताना मोबाईल तोंडापुढं नाचवू नका.

बोलवायचं असेल तर तुळशीच्या लग्नाच्या आधीच तारीख धरा, नंतर लग्नसराईत सापडत नाहीत, आणि नवरात्रात तर विचारूच नका. ऊस, खण, नारळ, हळकुंड, खारीक, पानसुपारी आपण आणायची, यादी ते फोनवर सांगतात. आणि नायकाला संध्याकाळीच बोलवून घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी तासभर बसवा, तुमच्या शिवारातले देव त्याला तेच सांगतील.