दोन लिटरचा वेट ग्राइंडर, नऊ महिने आणि एक प्लास्टिकची पट्टी

वेट ग्राइंडरचा, म्हणजे भिजवलेले डाळ-तांदूळ वाटायच्या विजेवरच्या रगड्याचा, हा रिव्ह्यू जानेवारीत लिहायला घेतला होता, तेव्हा पूर्ण केला असता तर पाचपैकी एक स्टार देऊन मोकळा झालो असतो. बरं झालं आळस केला. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, टेबलटॉप, स्टीलचं भांडं, दोन दगड, १५० वॅट, ते परत लिहीत बसत नाही. कंपनीचं नाव पण लिहीत नाही, उगाच परत फोन चालू होतील.

आम्ही दोघंच राहतो, भांडुपला. मागच्या ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या मार्केटमधून घेतला, ५४०० ला. खरं तर घ्यायचा नव्हता. मी साताऱ्याकडचा, आमच्या घरी आंबोळी वगैरे प्रकार नाही, भाकरी झाली की विषय संपला. पण ही मालवणची, आणि सासूबाई आल्या की मिक्सरच्या आंबोळीचा एक तुकडा मोडून म्हणणार, "रगड्याची सर मिक्सराक येवची नाय." दर वेळी. शेवटी म्हटलं घेऊन टाकू, बाहेर इडली-डोशाला जातो ते तरी वाचेल. दुकानदाराने सांगितलं की कोइम्बतूरच्या वेट ग्राइंडरला जीआय टॅग आहे, म्हणजे त्या भागाचंच खास उत्पादन अशी सरकारी नोंद, आपल्या कोकणच्या हापूसला आहे तशी. खरंच आहे, घरी येऊन चेक केलं. (हापूस नासला तर कोणी अख्खी पेटी घ्या म्हणत नाही, पण ते पुढे येईल.) टॅक्सीचे पैसे वाचवायला बारा किलोचा खोका स्लो लोकलने आणला. शीव, कुर्ला करत मांडीवर घेऊन बसलो होतो, घाटकोपरला जी गर्दी चढली तिच्यात एका काकांनी त्या खोक्यावर स्वतःची बॅग ठेवली आणि कांजूरपर्यंत ठेवलीच.

आता वापराचं सांगतो. आमचा शनिवार ठरलेला आहे. दुपारी जेवण झालं की तीन वाट्या तांदूळ वेगळे, एक वाटी अख्खी पांढरी उडीद आणि चमचाभर मेथी वेगळी भिजत. वाटायच्या आधी तांदळात मूठभर पोहे. सातच्या सुमाराला ग्राइंडर चालू, आधी उडीद पंचवीस-तीस मिनिटं, फ्रिजमधलं पाणी थोडं थोडं घालत, मग तांदूळ, ते मात्र अगदी मऊ नाही करायचे, बोटाला कणी लागली पाहिजे. उडीद कसा फुलतो ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओट्याजवळून हललो नव्हतो. मिक्सरचं पातं गरागरा फिरतं, पीठ गरम होतं आणि बसतं. इथे दगड सावकाश फिरतात, पीठ थंड राहतं आणि हवा धरत जातं, दह्यासारखं असलेलं हळूहळू लोण्यासारखं होतं. वाटीभर पाण्यात थेंब टाकायचा, तरंगला की झालं. हे हिने शिकवलं.

आणि ही जी पंचवीस-तीस मिनिटं आहेत ना, ती आमची असतात. मशीनला आपली गरज नसते पण लांबही जाता येत नाही, पाणी घालायचं असतं. मग स्वयंपाकघरातच खाली बसून भिकार-सावकार खेळतो. बाजूला वाटाणे सोलायचे असतील तर ते. हा खेळ कधी संपत नाही त्यामुळे बरोबर बसतो, उडीद होईपर्यंत एक जण भिकारी होतो आणि तांदूळ होईपर्यंत परत सावकार. मोबाईल बाहेर चार्जिंगला. रविवारी सकाळी आंबोळ्या, बीडाच्या तव्यावर झाकण ठेवून, आणि काळ्या वाटाण्याची उसळ. माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक असला की तर फारच बरं, कोणाकडे जायचं नाही आणि कोणी यायचं नाही.

असं पाच महिने चाललं. जानेवारीत पट्टी तुटली.

पट्टी म्हणजे भांड्याच्या आतून कडेला लागून जी पांढरी प्लास्टिकची स्क्रॅपरची पट्टी असते ती. ग्राइंडर घेताना तिच्याकडे कोणी बघत नाही. मी पण नव्हतं बघितलं, दगड बघितले, मोटर ऐकली, बेल्ट विचारला. पट्टी स्क्रूजवळ चिरली आणि आठवड्याने तुकडाच पडला, नशीब दगडाखाली गेला नाही. आता पट्टी नसली की काय होतं, तर पीठ भांड्याच्या भिंतीला चिकटून वर चढतं आणि तिथेच बसतं, दगडाखाली येतच नाही. मध्ये पाणचट, कडेला अर्धवट डाळ. म्हणजे दर दोन मिनिटांनी मशीन बंद करा, उलथन्याने कड खाली ओढा, परत चालू. अर्धा तास उभं राहून हे केलं. पत्ते कुठे खेळणार? ५४०० ची मशीन आणि तिचं सगळं काम करते बोटभर पट्टी.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "सर, पट्टी सेपरेट येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल." असेंब्ली म्हणजे दगडांचा दांडा, होल्डर, सगळं. ११८० रुपये. म्हटलं वॉरंटी? तर वॉरंटी मोटरला आहे, प्लास्टिकला नाही. माणूस घरी पाठवू का म्हणाले, व्हिजिट चार्ज ३५०, आणि तो येऊन हेच सांगणार. मी म्हटलं दगड चांगले आहेत, दांडा चांगला आहे, मला फक्त पट्टी द्या, पट्टीचे शंभर घ्या. नाही. दुसऱ्या फोनवर दुसरी बाई, तेच. तिसऱ्यांदा शनिवारी अर्धा दिवस घालवून स्वतः गेलो, तुटकी पट्टी खिशात घेऊन. काउंटरवरच्या मुलाने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "ही तुटायला नको होती." मग? मग काही नाही. घरी येऊन एवढा वैतागलो होतो की ही म्हणाली, "अरे, पट्टीच आहे ती, देऊन टाक अकराशे." मी म्हटलं मुद्दा पैशाचा नाही. (होता.)

मग तीन आठवडे पीठ बाहेरून आणलं. किलोची पिशवी ९० रुपये, आंबट, आणि इडलीला चिकट. घरी आठशे ग्रॅम तांदूळ-डाळीत मिळून साठ-पासष्ट रुपये जातात आणि दीड किलोच्या वर पीठ होतं. वाईट पिठाचं एवढं नाही वाटलं, पण शनिवारी सात वाजता आम्ही दोघं दोन मोबाईल घेऊन दोन खोल्यांत, हे तिसऱ्या शनिवारी लक्षात आलं.

त्यावर मी जे केलं ते असं. दादरहून १२० रुपयांना पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड आणलेला होता घरात. त्यावर जुनी पट्टी ठेवून पेन्सिलने आखली, हॅक्सॉ ब्लेडने कापली, पॉलिश पेपर मारला, खालच्या सोसायटीतल्या सुताराकडून ड्रिलने भोक पाडून आणलं. पॉलिश पेपर नीट मारा, अगदी नखाला काही लागणार नाही इतका, नाहीतर प्लास्टिकचा भुगा पोटात. पहिले दोन घाणे नुसते पाणी आणि जुने तांदूळ घालून फिरवले आणि टाकून दिले. ही म्हणाली बोर्ड नवीन होता. होता. पण पट्टी बसली आणि कंपनीच्या पट्टीपेक्षा चांगली बसली, कारण बोर्ड जाड आहे, कंपनीची पापडासारखी होती. तीन महिने झाले, टोकाला जरा झिजलीय, बाकी काही नाही. सुरुवातीला टकटक आवाज यायचा तो भोक थोडं लांबट केल्यावर गेला.

त्यामुळे मत बदललंय. मशीन चांगली आहे, पट्टी वाईट आहे, सर्व्हिसबद्दल काही बोलत नाही.

बाकीचं पटकन. सोबत नारळ खवायची अटॅचमेंट आली ती एकदाच वापरली, ही अजून विळीवर बसूनच खवते, आणि तिचा नारळ आधी होतो. माशाच्या वाटपाला ग्राइंडर घेत असाल तर घेऊ नका, दोघांचं वाटप म्हणजे अर्धी वाटी खोबरं आणि सात-आठ मिरच्या, ते दगडाला लागतच नाही, नुसतं गोल फिरतं. त्याला मिक्सरच. सासूबाईंना हे सांगितलं नाहीये, त्या समजतात वाटप पण रगड्यावरचं आहे आणि मागच्या वेळी बांगड्याच्या तिखल्याला "आता कसा झाला" म्हणाल्या. दोन लिटर दोघांना जास्त होतो हे खरंय, शेजारी डबा जातो, डबा रिकामा परत येत नाही, त्यात कधी शेवग्याच्या शेंगा असतात कधी खरवस. धुणं कंटाळवाणं आहे, दगड जड आहेत, ते काम माझं. लाइट बिलाची भीती असेल तर १५० वॅट अर्धा तास आणि ७५० वॅटचा मिक्सर सहा मिनिटं, दोन्हीला कागदावर ०.०७५ युनिटच पडतं, करून बघा. आणि पैसे वसूल झाले का, तर नाही. आठवड्याला पाऊणशे-नव्वद वाचतात धरलं तरी साठ-सत्तर आठवडे लागतील, त्यात तीन शनिवार पट्टीत गेले.

मे महिन्यात एक सांभाळा, पीठ रात्री दहाला झाकून ठेवलं तर पहाटे चारला ओट्यावरून खाली. आम्ही दोघं चार वाजता फडकं घेऊन पुसत होतो, मुंग्या आधीच पोचलेल्या. आता अर्धं भांडं भरतो आणि खाली परात ठेवतो. थंडीत उलट, मुंबईची थंडी ती काय, पण तेवढ्यानेही पीठ अडतं, तेव्हा भांडं गोधडीत गुंडाळतो.

स्टार चार. पट्टी सुट्टी द्यायला लागले तर पाच. माझ्या मॉडेलला पट्टी साडेनऊ सेंटिमीटर लांब, अडीच रुंद आहे, तुमची तुटायच्या आधीच काढून कागदावर आखून ठेवा, तुटल्यावर माप सापडत नाही. त्याच बोर्डातून एक जास्तीची कापून चमच्यांच्या खणात ठेवलीय. उरलेल्या बोर्डावर ही कोथिंबीर चिरते.