शेलचेक: कटकट्या, पण कामाचा

शेलचेक म्हणजे शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बिन-एसएच (`/bin/sh`, साधा शेल) लिहायचं आणि खाली बिनधास्त बॅश या मोठ्या शेलचे `[[ ]]`, म्हणजे अट तपासायचे दुहेरी कंस, वापरायचे, ही खोड आमच्या धंद्यात जुनी. जिथे एसएच म्हणजे बॅशच असतं तिथे खपूनही जातं. उबुंटूत मात्र २००६ पासून एसएच म्हणजे डॅश हा छोटा शेल, आणि डॅशला `[[` ठाऊकच नाही. बरं, स्क्रिप्ट तिथे थांबली तर नशीब! `[[` नावाची कमांड सापडली नाही म्हणून १२७ हा अपयशाचा क्रमांक परत येतो, इफ त्याला 'खोटं' समजतो आणि सरळ एल्समध्ये शिरतो. कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारं 'सेट -ई' लावून उपयोग नाही, कारण इफच्या अटीतलं अपयश तो मोजतच नाही.

शेलचेक ही चूक स्क्रिप्ट न चालवताच पकडतो. शिबँग, म्हणजे ती पहिली ओळ, वाचतो आणि `[[` दिसलं की एससी३०१० क्रमांकाची तक्रार करतो, `==` दिसलं की एससी३०१४. एकेरी `=` लिहा, विषय संपला.

माझी आवडती तक्रार एससी२०७०. चल (व्हेरिएबल) रिकामा नाही ना, हे बघायला आपण '-एन' लावतो, पण चलाला अवतरणचिन्हं लावत नाही. चल रिकामा निघाला की कंसात उरतं नुसतं '-एन'. एकच शब्द, तोही रिकामा नाही, म्हणून उत्तर 'खरं'. म्हणजे जे पकडायचं तेच सुटतं, आणि डोळ्यांनी वाचून हे कुणाला दिसायचं नाही.

अटी जोडायला '-ए' (आणि), '-ओ' (किंवा) वापरलेत तरी टोकतो; दोन वेगळे कंस करा, मध्ये `&&` किंवा `||` घाला म्हणतो. बरोबरच आहे, २०२४ च्या पॉझिक्स या शेलच्या प्रमाणकातून ते दोन्ही काढूनच टाकलेत.

डेबियनचा चेकबॅशिझम्स हा तपासकही आहे, पण तो बॅशपुरत्या गोष्टीच बघतो, अवतरणचिन्हांचं त्याला काही नाही.

एससी२१८१ ची, म्हणजे `$?` (आधीच्या कमांडचा निकाल) वेगळं तपासू नका या उपदेशाची कटकट मी बंद ठेवली आहे. खरी उणीव वेगळी: शेलचेक शिबँगवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. वर बॅश लिहिलंय आणि कुणी 'एसएच' म्हणून फाइल चालवली, तर शिबँग बाजूलाच राहतं, आणि शेलचेकने तर आधीच सगळं ठीक म्हटलेलं असतं. अशा फाइलींना सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) शेलचेकला '-एस एसएच' हा पर्याय देऊनच तपासा.